बंबावर चढण्याआधी

भरतीची जाहिरात निघाली की माझा फोन वाजायला लागतो. साताऱ्याकडची मुलं, कोकणातली मुलं, कधी ओळखीच्यांच्या ओळखीतली. अग्निशमन दलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ‘फायर ब्रिगेडवाले काका’ हे नाव सुटलेलं नाही. गेल्या खेपेला बहिणीच्या मुलाचा फोन होता. “मामा, उंची बसतीय, पळणं बसतंय. फॉर्म भरू का?”

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उंची आणि पळणं बसलं की माणूस आत येतो. तो आत रमेल का, टिकेल का, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला केंद्राच्या आत काय चालतं ते ठाऊक हवं, आणि जाहिरातीत ते नसतं. म्हणून हे किस्से.

२०२३ च्या मुंबईच्या भरतीत पुरुषांसाठी १७२ आणि महिलांसाठी १६२ सेंटिमीटर उंचीची अट होती. धावणं, दोर, शिडी, खांद्यावर पुतळा घेऊन जाणं, उंचावरून खाली ताणून धरलेल्या कापडात उडी, या सगळ्यासाठी मुलं महिनोन्‌महिने घाम गाळतात. गाळायलाच हवा. आमच्या तुकडीत तालमीत वाढलेला एक गडी होता, कोल्हापूरकडचा. पुतळा खांद्यावर टाकला की तो आमच्यापैकी कोणाच्याही पुढे निघून जायचा. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी त्याला मनातून तुकडीचा नायक करून टाकलं होतं. मग एक दिवस आम्हाला धुराच्या खोलीत घातलं.

पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर घट्ट बसवलेला मुखवटा. या सगळ्याला मिळून आम्ही ‘बीए सेट’ म्हणतो. खोलीत मिट्ट काळोख, मुद्दाम केलेला धूर आणि वाटेत टाकलेले अडथळे. एक हात भिंतीला लावायचा, तो काही झालं तरी सोडायचा नाही, आणि त्या भिंतीच्याच आधारानं रांगत बाहेर यायचं. आमचा गडी आत गेला आणि अर्ध्या वाटेत त्यानं मुखवटा ओढून काढला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल, चेहरा उतरलेला. मुखवट्याच्या आत स्वतःचाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो. बाहेरचं काही दिसत नसताना तो आवाज काहींना सहन होत नाही. याचा भित्रेपणाशी संबंध नाही आणि दंडाच्या घेराशी तर नाहीच. घरी किंवा मैदानावर हे कोणाला आधी कळतही नाही.

प्रशिक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी उजेडात, मोकळ्या मैदानावर मुखवटा घालून चालायला लावलं. मग डोळ्यांवर पट्टी बांधून. मग खोलीत, पण धुराशिवाय. सरावानं त्याला ते जमायला लागलं. त्याची खरी जागा मात्र पुढे वेगळीच निघाली. तो यंत्रचालक झाला, म्हणजे बंब चालवणारा आणि पंप सांभाळणारा.

यंत्रचालकाबद्दल बाहेर कोणालाच काही माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साध्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. एका जोरकस धारेला मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर सहज लागतं. म्हणजे दहा मिनिटांत टाकी कोरडी. तोवर दुसरा टँकर जोडला गेला नाही किंवा जमिनीतल्या हायड्रंटला पाणी मिळालं नाही, तर आत होज घेऊन गेलेल्या दोन माणसांच्या हातातली धार संपते, आणि ती कधी संपणार हे आतून दिसत नाही. ते बाहेर पंपाशी उभ्या माणसालाच दिसतं.

एकदा एका गोदामाच्या आगीत आम्ही शिडीवरून धार मारत होतो. खाली गर्दी जमलेली. गर्दीला वाटत होतं की पाणी कमी पडतंय. दोघं-तिघं आमच्या गड्याच्या अंगावर धावून गेले, एकानं दंड धरून हलवलं, “अरे वाढव ना पाणी! झोपलास का?” त्याची नजर दाबाच्या काट्यावर होती. ती त्यानं उचलली नाही. शिवी दिली त्यालाही उत्तर दिलं नाही. दाब एकदम वाढवला असता तर होजच्या धक्क्यानं शिडीवरचा माणूस मागे फेकला गेला असता, आणि शिडीवर मी होतो. त्या दिवशी वरून मला तो दिसत होता: एक हात थ्रॉटलवर, मान खाली, भोवती आरडाओरडा. ज्या मुलाला माझ्यासारखं व्हायचंय त्यानं आधी त्याच्यासारखं होऊन दाखवावं, असं मला आजही वाटतं.

आणखी एक माणूस कोणालाच दिसत नाही. वर्दी, म्हणजे मदतीची हाक, घेणारा. वॉच रूममध्ये कानाला फोन लावून बसलेला. १०१ फिरवणारा माणूस घाबरलेला असतो. “लवकर या, आग लागलीय!” म्हणतो आणि फोन ठेवून देतो. किंवा पत्ता सांगतो, “मारुतीच्या देवळामागे.” मुंबईत मारुतीची देवळं गल्लोगल्ली. वर्दी घेणाऱ्यानं अशा वेळी आवाज चढवायचा नसतो आणि पाडायचाही नसतो. आधी पत्ता, मग फोन नंबर, मग काय जळतंय, कितव्या मजल्यावर, आत कोणी आहे का. हे विचारता विचारता दुसरा हात घंटेकडे गेलेला असतो. पुढचे प्रश्न होईपर्यंत पहिली गाडी फाटकाबाहेर पडते आणि उरलेली माहिती तिला वायरलेसवर मिळते.

आमच्या एका सहकाऱ्याला एकदा एका लहान मुलीचा फोन आला. आठ-नऊ वर्षांची असेल. घरात मोठं कोणी नाही, स्वयंपाकघरातून धूर येतोय. पत्ता विचारला तर म्हणाली, “आमचं घर.” तो म्हणाला, “शाब्बास. आता फोन हातातच ठेव, चप्पल शोधू नकोस, दाराबाहेर ये.” ती आली. “आता जिना उतर. फाटकावर पाटी आहे ना, ती मला वाचून दाखव.” तिनं एकेक अक्षर लावत सोसायटीचं नाव वाचलं, रस्त्याचं नाव वाचलं. पत्ता मिळाला तेव्हा मुलगी आपोआपच आगीपासून लांब येऊन उभी होती. आग किरकोळ निघाली, गॅसवर राहिलेल्या भांड्याची. पण ‘आधी बाहेर, मग पत्ता’ हा क्रम त्या माणसाला सुचला, आणि त्यासाठी त्याला खुर्चीतून उठावंही लागलं नाही. ही नोकरी म्हणजे ज्वाळांत उडी, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी एक दिवस वॉच रूममध्ये बसून बघावं.

आता हवेच्या हिशेबाबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बीए सेटचा सिलिंडर सहा लिटरचा असतो आणि त्यात ३०० बार दाबानं हवा भरलेली असते. गुणाकार केला तर १,८०० लिटर हवा. माणूस मिनिटाला चाळीस लिटर घेतो असं धरलं तर पंचेचाळीस मिनिटं. हे झालं पुस्तकातलं. जिने चढून, होज ओढून, भीतीनं धाप लागलेला माणूस दुपटीनं हवा ओढतो. ३०० चा काटा बघता बघता दोनशेवर येतो. पन्नासच्या आसपास शिट्टी वाजायला लागते, पण शिट्टीची वाट बघत बसणारा माणूस चुकीच्या दलात आलाय. जितकी हवा आत जायला लागली तितकी बाहेर यायला लागणार, आणि थोडी वर शिलकीला हवी.

म्हणून दारात एक फळा असतो आणि फळ्यापाशी एक माणूस. आत जाणाऱ्याचं नाव, दाब, वेळ तो लिहून घेतो. कोणाला कधी परत बोलवायचं ते तोच ठरवतो. आतल्यानं त्याच्याशी वाद घालायचा नाही.

एका रहिवासी इमारतीत वरच्या मजल्यावर आग होती. धूर जिन्यात उतरलेला. खाली एक बाई रडत सांगत होत्या, “सासरे आत आहेत, त्यांना चालता येत नाही.” मी आणि जोडीदार आत गेलो. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघायची, वरपासून खालपर्यंत. तळहात भाजला तर पुढचं काम बंद, म्हणून मागची बाजू. दार कोमट होतं. आत हॉल शोधला, झोपायची खोली शोधली. पलंगाखाली, कपाटात, दारामागे. लहान मूल आगीत पळत नाही, ते लपतं, आणि म्हातारी माणसंही कोपरा धरतात. त्यामुळे खोली बघितली असं म्हणायचं तर ती हातानं चाचपायची असते. आजोबा नव्हते. वॉकीटॉकीवर आवाज आला, “बाहेर या.” मी म्हटलं, “अजून एक खोली राहिलीय.” पलीकडे, फळ्यापाशी, आमचे जुने प्रमुख अग्निशामक होते. त्यांनी एकच शब्द पुन्हा उच्चारला, “बाहेर.”

आम्ही बाहेर आलो. येता येता दारातच ताज्या सिलिंडरची दुसरी जोडी भेटली. कोणत्या खोल्या झाल्या, कोणती भिंत धरून जायचं, हे त्यांना चार वाक्यांत सांगितलं आणि ते सरळ पुढे गेले. आजोबा न्हाणीघरात सापडले. ओला टॉवेल तोंडाला लावून, दाराच्या फटीत चादर कोंबून बसलेले. त्या माणसाला इतकी समज कुठून आली होती कोण जाणे. त्या जोडीनं आजोबांना उचलून आणलं तेव्हा दोघांच्या सिलिंडरमध्ये पुरेशी हवा होती. आम्ही हट्टानं थांबलो असतो तर दुसऱ्या जोडीला आधी आम्हाला ओढून काढावं लागलं असतं आणि आजोबा तिथेच राहिले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सुटकेची बातमी आली. फळ्याशी उभ्या राहिलेल्या माणसाचा तिच्यात उल्लेख नव्हता आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

बाहेरच्या माणसाला धाडस दिसतं. आत राहिलेला माणूस सांगेल की धाडस सगळ्यांकडेच थोडंफार असतं. ते कधी आवरायचं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे अंगी बाणवायला खूप वर्षं जातात. ज्याला दुसऱ्याचं ऐकायचं वावडं आहे त्यानं या वाटेला येऊ नये. हे मी तोंडावर सांगतो, मुलाचे वडील समोर बसलेले असले तरी.

सगळ्या वर्द्या आगीच्या नसतात, हेही आधीच सांगायला हवं. पावसाळ्यात झाड पडलं, भिंत पडली. दिवाळीत फटाका गच्चीवरच्या अडगळीत शिरला. लिफ्ट अडकली. बोटात अंगठी रुतून बोट काळंनिळं झालं. सिलिंडरच्या गॅसचा वास येतोय: हा वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, आणि अशा घरात शिरताना दिव्याचं बटण चालू करायचं नाही तसं चालू असलेलं बंदही करायचं नाही. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेल्या घारी, घुबडं, कावळे. लोक विचारतात, एका पक्ष्यासाठी बंब कशाला पाठवायचा? आम्ही गेलो नाही तर शेजारचा कोणीतरी पोरगा बांबू घेऊन गच्चीच्या कठड्यावर चढतो. मग आम्हाला जावं लागतं ते पक्ष्यासाठी नव्हे. शिवाय पक्षी तडफडत असतो, हे कारण मला स्वतःला पुरेसं आहे.

बंद दाराच्या वर्दीवर मात्र माझा जीव आहे. आई कचरा टाकायला बाहेर येते, वाऱ्यानं दार आपटतं, कुलूप आतून बसतं आणि दोन-अडीच वर्षांचं मूल आत एकटं. गॅसवर दूध. अशा वर्दीत दार फोडणं सोपं असतं, पण दाराला चिकटून मूल उभं असतं. म्हणून एक जण वरच्या मजल्यावरून दोरानं गॅलरीत उतरतो आणि तोवर दुसऱ्यानं दारापाशी बसून मुलाशी बोलत राहायचं. आमच्यात एक होता, एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा. त्याला दारापाशी बसवलं की तो बोलायला लागायचा. “तुझ्याकडं गाडी आहे का रे? कुठली? लाल? आमची पण लाल आहे, पण मोठ्ठी. तू जरा पलंगावर जाऊन बस, तिथून सांग बघू तुझ्या गाडीला चाकं किती.” मूल आपसूक दारापासून लांब जायचं. मागे गॅलरीतून आपला माणूस शिरून गॅस बंद करून दार उघडायचा. आई मुलाला छातीशी धरून रडायची आणि मूल विचारायचं, लाल गाडी कुठाय. मग त्याला खाली नेऊन बंबावर बसवायचं, घंटा वाजवू द्यायची. एवढं केल्याशिवाय आमची गाडी कधी परत फिरली नाही.

प्रशिक्षणात इतिहास शिकवतात तेव्हा मुलं जांभया देतात. मलाही सनावळ्यांचं वेड नाही, पण एक दुपार मात्र पाठ असायलाच हवी. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. युद्धाचे दिवस. पोटात कापसाच्या गाठी, जवळजवळ १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला. कापसाची आग फसवी असते. गाठीच्या आत धुमसत राहते, वरून ओतलेलं पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. दलाची माणसं जहाजावर चढून पाणी मारत राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. शेकड्यांनी माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाची ६६. त्यांची आठवण म्हणून १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात.

आमचे प्रशिक्षक हे सांगून झाल्यावर थांबायचे आणि विचारायचे, “या जहाजावर तुम्ही पोहोचलात. पहिला प्रश्न कोणता?” कोणी म्हणायचं, पाणी कुठाय, कोणी म्हणायचं, माणसं किती अडकलीत. ते मान हलवायचे. “आत काय काय आहे आणि कशाशेजारी काय ठेवलंय?” आजही गोदामात, कारखान्यात, रसायनांच्या साठ्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय चांगला अधिकारी होजला हात लावू देत नाही. काही पदार्थांवर पाणी मारलं तर ते भडकतात. मालक पुष्कळदा खरं सांगत नाही, कारण परवान्यापेक्षा जास्त माल भरलेला असतो. मग वॉचमनला विचारायचं, हमालाला विचारायचं. हमाल खरं सांगतो, कारण पोती त्यानं वाहिलेली असतात.

आणि ९ मे २०१५. काळबादेवीचं गोकुळ निवास, जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत. आग विझवण्याचं काम चालू असताना ती कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात होते. दोघंही पुढच्या पंधरा दिवसांत गेले. दलाचा सर्वोच्च अधिकारी खुर्चीत नव्हता, आगीपाशी होता. वरच्या जागेवर गेलं की धोका टळतो असं समजून कोणी अधिकारीपदाचा अभ्यास करत असेल तर ही चार नावं त्यानं वाचावीत. आई-वडिलांनीही वाचावीत. मी कोणालाही या नोकरीत धोका नाही असं सांगत नाही. तो कमी करण्याचे मार्ग आहेत, ते शिकवले जातात, आणि तरीही तो उरतो.

धोक्याचा एक भाग दिसत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशमनाचं काम हेच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. आमच्या वेळी काळवंडलेलं जॅकेट ही मिरवायची गोष्ट होती. नव्या मुलांना मी कळवळून सांगतो, ते मिरवू नका, धुवा. आग विझल्यावर ‘कूलिंग’ चालू असतं, ज्वाळा नसतात, म्हणून मुखवटा काढून ठेवायचा मोह होतो. नेमक्या त्याच वेळी जळक्या प्लॅस्टिकचा आणि फोमचा धूर सगळ्यात जास्त छातीत जातो. मुखवटा तोंडावरच ठेवा. मान, हात, चेहरा तिथल्या तिथे धुवा. तेच जॅकेट घालून घरी जाऊन लेकराला उचलू नका.

धुण्यावरून आठवलं. ‘स्टॉप मेसेज’ गेला, म्हणजे आग विझल्याचा निरोप नियंत्रण कक्षाला पोहोचला, की लोकांच्या दृष्टीनं काम संपतं. आमचं निम्मं तिथून पुढे असतं. पहाटे तीनला परत आलात तरी ओले, चिखलानं माखलेले होज उलगडून घासायचे, कपलिंगमधली वाळू काढायची, ते उभे टांगून वाळवायचे आणि कोरडे होज गाडीत भरायचे. सिलिंडर बदलायचे. टाकी भरायची. शिडीच्या दोऱ्या तपासायच्या. बूट विजारीच्या पायांत घालून अशा बेतानं ठेवायचे की घंटा झाली की पाय घातले आणि विजार वर ओढली. हे सगळं झाल्याशिवाय कोणी आडवं होत नाही, कारण पुढची वर्दी पाच मिनिटांनी येऊ शकते. नवीन आलेला मुलगा आगीत कसा वागतो यावरून मी कधी मत बनवलं नाही. पहाटे तीनला तो होज कसा धुतो ते बघायचो. आपला होज धुऊन झाल्यावर शेजारच्याचा धरणारा मुलगा पुढे हमखास चांगला अग्निशामक झाला.

घरच्यांचं काय, हा प्रश्न मुलं विचारत नाहीत. लग्न ठरायच्या वेळी मुलीकडचे विचारतात, आणि बरोबर विचारतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही कधी घरी नसायचो. आमच्या घरी फराळाचं पहिलं ताट माझ्या पाळीनंतर, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी वाढलं जायचं. मुलांना वाटायचं दिवाळी अशीच असते. काही वर्द्या मात्र घरापर्यंत येतात. लहान मूल वाचलं नाही की केंद्रात कोणी कोणाकडे बघत नाही, चहा तसाच पडून राहतो. आमच्या पिढीत त्यावर बोलायची पद्धत नव्हती. एक जण बरेच दिवस पाळी संपली की घरी न जाता चालत राहायचा, अंधार पडेपर्यंत. शेवटी एका ज्येष्ठानं काही न विचारता त्याच्याबरोबर चालायला सुरुवात केली, आणि कितव्यातरी दिवशी तो बोलायला लागला. आता समुपदेशक मिळू शकतो. त्याच्याकडे जाण्यात कमीपणा मानणारा मुलगा भेटला की मला त्याची खरंच काळजी वाटते.

मुलींचेही फोन येतात, आणि आनंद होतो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या तेव्हा तिथे सगळी मुलंच होती. तिथून शिकून बाहेर पडलेल्या त्या पहिल्या महिला. आज मुंबईतही महिला अग्निशामक बंबावर असतात. न्हाणीघरात अडकलेल्या, अंगावर धड कपडे नसलेल्या बाईनं आतून कडी काढावी म्हणून पुरुषांनी विनवण्या केल्या तरी ती काढत नाही. दाराशी बाईचा आवाज आला की काढते. त्या दाराआड किती मिनिटं वाचतात, याचा अर्थ आमच्यासारख्यांना लगेच कळतो.

वाटा सरळ आहेत. राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचं मुख्य ठिकाण सांताक्रूझला कालिना-विद्यानगरीत आहे. दहावीनंतर सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम आणि पदवीनंतर वर्षभराचा उपस्थानक अधिकारी पाठ्यक्रम तिथला. नागपूरचं महाविद्यालय केंद्र सरकारचं. वय, गुण, उंचीच्या अटी जाहिरातीप्रमाणे बदलतात, तेव्हा कोणाच्या तोंडी माहितीवर न जाता मूळ जाहिरात वाचा. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी त्याचं प्रमाणपत्र भरतीत धरलं जातं का, ते महापालिकेत जाऊन विचारा. या एका चौकशीअभावी पैसे गेलेली मुलं माझ्या पाहण्यात आहेत.

एप्रिलमधल्या त्या सप्ताहात केंद्रावर प्रात्यक्षिकं असतात. जवळच्या केंद्रात जा, अधिकाऱ्यांना नमस्कार करून सांगा की भरतीला बसणार आहे, कवायत बघू द्या. बहुतेक जण बघू देतात. शिडीकडे सगळेच बघतात, तुम्ही पंपापाशी उभ्या माणसाकडे बघा. पोहायला येत नसेल तर या उन्हाळ्यात शिका. पाठीवर वजन घेऊन जिने चढायचा सराव करा, आणि नाकानं, सावकाश श्वास घेत चढा. हवा वाचवायची सवय तिथेच लागते. सुताची दहा हात दोरी आणा आणि गाठी शिका. एखाद्या जुन्या अग्निशामकाला विचारलंत तर तो आनंदानं दाखवेल. उजेडात जमायला लागल्या की दिवा घालवून बांधा, आणि हातात जाड मोजे घालून बांधा, कारण तिथे त्या तशाच बांधाव्या लागतात.